पान वरून बघायचं आणि जमिनीतलं ओळखायचं

सॅटेलाइटवरच्या कॅमेऱ्याला जमिनीखालचं पाणी दिसत नाही, मातीत नायट्रोजन किती आहे ते दिसत नाही, मुळांपाशी हवा पोचतेय का तेही दिसत नाही. दिसतो तो फक्त वरचा पानांचा थर. पण जे दिसत नाही ना, त्याच सगळ्यावर ते पान जगत असतं, आणि झाडाला उठून दुसरीकडे जायची सोय नसल्यामुळे खालून जे मिळेल ते सोसत जागच्या जागी उभं राहतं. मग पानाकडे नीट बघता आलं तर खालच्या बऱ्याच गोष्टींचा अंदाज लावता येईल, ही या सगळ्या विषयाची मूळ कल्पना. नाव मोठं आहे, वनस्पतींचं रिमोट सेन्सिंग, पण काम एवढंच की झाडालाच मीटर म्हणून वापरायचं. आणि माझ्या मते यातला अवघड भाग सॅटेलाइट नाहीच, त्यातल्या बऱ्याच सॅटेलाइटचा डेटा आता कुणालाही फुकट मिळतो. अवघड हे आहे की झाड "मला त्रास होतोय" एवढंच सांगतं, कशाने होतोय ते सांगत नाही.

आधी पान जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, निळा आणि लाल प्रकाश पिऊन टाकतं, हिरवा त्यामानाने कमी पितं, म्हणून पान हिरवं दिसतं, हे शाळेत झालेलं असतं. पण पान सगळ्यात जास्त परत पाठवतं तो प्रकाश हिरवा नाहीच. लालच्या पुढे, साधारण ७०० ते १३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, निअर इन्फ्रारेड प्रकाश असतो, आपल्या डोळ्याला न दिसणारा, आणि निरोगी पान त्यातला ४०–५० टक्के परतवून लावतं, लाल मात्र जेमतेम पाचेक टक्के. कारण असं की पानाच्या आत सगळीकडे पेशी ठासून भरलेल्या नसतात, खालच्या बाजूला त्या स्पंजसारख्या सैल असतात, मधे मधे हवेच्या पोकळ्या, त्यामुळे पाण्याने भरलेली पेशी, मग हवा, मग परत पेशी असं जाताना प्रकाश प्रत्येक सीमेवर वळतो आणि विखुरतो. साबणाचं पाणी आरपार दिसतं पण त्याचाच फेस पांढराशुभ्र दिसतो ना, अगदी तसंच. आणि या पट्ट्यात क्लोरोफिल काही शोषतच नाही, त्यामुळे विखुरलेला प्रकाश बराचसा बाहेरच येतो.

दुसऱ्या महायुद्धात याचा उपयोग झाला. हिरव्या रंगाने रंगवलेलं कापड टाकून तोफा, गाड्या झाकल्या की वरून विमानातल्या माणसाला झाडीच वाटायची, पण इन्फ्रारेड टिपणाऱ्या फिल्मवर जिवंत झाडी लालभडक उमटायची आणि रंगवलेलं कापड त्यात वेगळं उठून दिसायचं. रंग तोच, पण आतला फेस नाही. इन्फ्रारेड मुळात क्लोरोफिलबद्दल सांगतच नाही, तो पानाच्या आतली रचना आणि पानं किती थरांची आहेत ते सांगतो, तर लाल प्रकाश क्लोरोफिल किती आहे ते सांगतो. दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकत्र केल्या की एक उपयोगी आकडा मिळतो.

तो आकडा म्हणजे एनडीव्हीआय. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं, बस. समजा एका तुकड्यावरून ५० टक्के इन्फ्रारेड आणि ५ टक्के लाल परत आला, तर वजाबाकी ४५, बेरीज ५५, उत्तर ०.८२, म्हणजे दाट ठणठणीत झाडोरा. कोरड्या उघड्या मातीवरून समजा इन्फ्रारेड ३० आणि लाल २५ आला, तर ५ भागिले ५५, म्हणजे ०.०९. पाण्यावरून बहुतेक वेळा उणे आकडा येतो. भागाकार कशाला, नुसती वजाबाकी का नाही, असं कुणालाही वाटेल, तर त्याचं कारण म्हणजे डोंगराची सावली पडली किंवा सूर्य खाली गेला तर दोन्ही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात कमी होतात आणि भागाकारात तो परिणाम बराचसा निघून जातो. अमेरिकेने २३ जुलै १९७२ ला लँडसॅट १ हा सॅटेलाइट सोडला आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीतल्या जॉन राउझ आणि सहकाऱ्यांनी ग्रेट प्लेन्सच्या गवताळ भागावर हे गणित करून बघितलं. इतकी वर्षं झाली तरी लोक पहिला हात यालाच घालतात.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवायची, की हा आकडा एका झाडाचा नसतो. लँडसॅटचा एक पिक्सेल ३० बाय ३० मीटर, युरोपच्या सेंटिनेल-२ चा सगळ्यात बारीक पिक्सेल १० बाय १० मीटर, आणि मोडिस नावाचा जो सेन्सर आहे त्याचा सगळ्यात बारीक म्हटला तरी २५० मीटरचा, म्हणजे एका आकड्यात सहा हेक्टरवर जे काय असेल, झाडं, बांध, रस्ता, उघडी माती, सगळ्याची सरासरी. शिवाय पानांचे तीन-चार थर झाले की आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकतो, जंगल अजून दाट झालं तरी फार हलत नाही. आणि झाडोरा विरळ असेल तर मधून दिसणारी माती गोंधळ घालते, पाऊस पडून माती काळी पडली की झाडं होती तेवढीच असूनही आकडा बदलतो.

पण माझी एनडीव्हीआयबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे, ती म्हणजे तो उशिरा बोलतो. झाडाला पाणी कमी पडायला लागलं की काय काय होतं ते क्रमाने बघा. सगळ्यात आधी पान आपली पर्णरंध्रं बंद करायला लागतं, म्हणजे ती बारीक छिद्रं जिथून वाफ बाहेर जाते आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो. वाफ जायची थांबली की पानाचं थंड होणं थांबतं, अंगावर घाम सुकताना जो गारवा लागतो तो गेला असं समजा, आणि पान तापतं. पाणी भरपूर असलेला झाडोरा कोरड्या दिवशी दुपारी आजूबाजूच्या हवेपेक्षा काही डिग्री गार असू शकतो, तहानलेला झाडोरा हवेपेक्षा गरम होतो. रंग अजून जसाच्या तसा हिरवागार, पण थर्मल कॅमेऱ्याला फरक कळलेला असतो. अ‍ॅरिझोनातल्या इड्सो आणि जॅक्सन वगैरे मंडळींनी १९८१ मध्ये यावरून पिकाच्या ताणाचा निर्देशांकच बनवला, तो आजही वापरतात. नासाने २०१८ मध्ये इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर इकोस्ट्रेस नावाचं उपकरण बसवलं ते याच कामासाठी, आणि स्टेशनवर असल्याचा फायदा असा की ते एकाच जागेवरून दर वेळी वेगवेगळ्या वेळी जातं, कधी सकाळी कधी दुपारी, त्यामुळे सकाळी उघडी असलेली रंध्रं दुपारी मिटली का हेसुद्धा बघता येतं.

दुसरी गोष्ट जी लवकर बदलते ती म्हणजे पानाचा स्वतःचा उजेड. हो, पान चमकतं, खूप मंद. क्लोरोफिलने शोषलेल्या प्रकाशातला साधारण एक-दोन टक्के भाग ते लाल आणि त्याच्या जरा पुढच्या पट्ट्यात परत सोडतं, त्याला फ्लुओरेसन्स म्हणतात, आणि प्रकाशसंश्लेषणाचं काम कसं चाललंय त्यानुसार तो कमीजास्त होतो. भर उन्हात इतका मंद उजेड अवकाशातून मोजायचा कसा? तर सूर्याच्या प्रकाशात मुळातच काही काळ्या रेघा असतात, त्या त्या तरंगलांबीचा प्रकाश सूर्याच्याच वातावरणात शोषला गेलेला असतो, आणि पानाचा उजेड त्या काळ्या रेघा अगदी किंचित भरून काढतो, ती किंचित भर मोजायची. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. जपानचा गोसॅट हा सॅटेलाइट २००९ मध्ये गेला तो खरं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजायला, पण त्याच्या डेटातून २०११ मध्ये या उजेडाचे जगभराचे नकाशे निघाले.

मग हळूहळू पानातलं पाणी कमी होतं. ते शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे निअर इन्फ्रारेडच्याही पुढच्या पट्ट्यात दिसतं, कारण पाणी तिथे प्रकाश शोषतं, म्हणजे पान जितकं कोरडं तितका तिथून जास्त प्रकाश परत येतो. पाण्याची सगळ्यात जोरदार शोषणाची जागा १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास, पण तिथे हवेतली वाफसुद्धा सगळं शोषून टाकते त्यामुळे सॅटेलाइटला तिथे अंधारच, म्हणून मग जरा बाजूला, १६०० आणि २२०० च्या जवळ बघतात. आणि हे सगळं होऊन गेल्यावर पान पिवळं पडतं, गळतं, आणि तेव्हा कुठे एनडीव्हीआय खाली येतो. नुसत्या एनडीव्हीआयवर बसून राहिलात तर झाडाने कितीतरी आधी सांगितलेलं तुम्ही ऐकलेलंच नसतं.

क्लोरोफिल जरा जरा कमी होतंय हे लवकर पकडायला अजून एक जागा आहे, लाल आणि इन्फ्रारेडच्या मधे, साधारण ६८० ते ७५० नॅनोमीटर. इथे पानाचा आलेख भिंतीसारखा एकदम वर चढतो, याला रेड एज म्हणतात. क्लोरोफिल घटलं की ही भिंत थोडी लालच्या बाजूला सरकते, काही नॅनोमीटरच, पण सरकते. हे १९७०-८० च्या दशकात खनिजं शोधणाऱ्यांनी मनावर घेतलं, कारण मातीत तांबं, जस्त असे धातू जास्त असतील तर झाडांच्या मुळांना आणि क्लोरोफिल बनण्याला त्रास होतो, आणि जंगलाने झाकलेल्या डोंगरात खडक दिसत नसला तरी वरच्या पानांची रेड एज सरकलेली दिसू शकते. २०१५ पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-२ मध्ये तर या भिंतीवर खास तीन पट्टे दिलेत.

आता मुख्य प्रश्नावर येऊ. झाड त्रासात आहे हे कळलं, कशाने ते कसं ओळखायचं?

इथे फसायला खूप होतं. पाणी कमी पडलं तर झाड मलूल होतं, पण पाणी जास्त झालं तरी तेच होतं, कारण चिखलात बुडालेल्या मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ऑक्सिजन नसला की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणजे पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने कोमेजतं, आणि वरून दोन्ही दृश्यं सारखी. जमिनीखालून नैसर्गिक वायूची गळती होत असेल तरी तसंच, मिथेन स्वतः झाडाला विषारी नाही, पण तो मातीतली हवा ढकलून देतो आणि त्याला खाणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजनही संपवतात. खारट मातीत पाणी समोर असून मुळांना ओढता येत नाही. चार वेगळी कारणं आणि पानाची तक्रार एकच.

अजून एक उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या, खालच्या पानांतला नायट्रोजन काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह कमी पडलं तर उलटं, कारण झाडाला लोह एका पानातून काढून दुसऱ्याला सहज देता येत नाही, म्हणून कोवळी, वरची पानं आधी पिवळी पडतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. शेतात उभा राहिलेला माणूस खाली वाकून बघतो आणि लगेच ओळखतो. सॅटेलाइट फक्त वरून बघतो, त्यामुळे दाट पिकात लोहाची कमतरता त्याला आधी दिसेल आणि नायट्रोजनची सुरुवात वरच्या हिरव्या पानांखाली झाकलेली राहील. उपकरण कितीही भारी असलं तरी बघायची दिशा एकच.

मग करायचं काय, तर नुसता आकडा न बघता आकार बघायचा, वेळ बघायची आणि शेजारी बघायचं.

आकार म्हणजे काय ते बघायचं तर जुन्या अवशेषांचं उदाहरण घेऊ. जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वी खणून नंतर बुजलेला खंदक असेल तर तिथे माती खोल आणि भुसभुशीत असते, ओल जास्त धरते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचं पीक बाजूच्यापेक्षा उंच आणि हिरवं राहतं, आणि खाली दगडी भिंत असेल तर उलट तिथलं पीक खुरटतं. २०१८ चा उन्हाळा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये फार कोरडा गेला, आणि जुलैमध्ये आयर्लंडच्या न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक थडग्याजवळच्या शेतावर ड्रोन उडवल्यावर पिकात एक मोठं वर्तुळ उमटलेलं दिसलं, दुहेरी ठिपक्यांचं, एरवी कधीच न दिसलेलं. रोगराई किंवा खताची कमतरता अशी नेमकी वर्तुळात येत नाही. नदीला धरून जाणारा हिरवा पट्टा असेल तर पाणी, कारखान्यापासून वाऱ्याच्या दिशेने विरत जाणारा डाग असेल तर प्रदूषण, काटेकोर सरळ कडा असेल तर माणसाचं काम, असा पहिला अंदाज बांधता येतो. नुसता अंदाजच, पण चांगला.

कॅलिफोर्नियातल्या कोचेला व्हॅलीत वाळवंटात ताडाच्या झाडांचे हिरवे पुंजके एका रांगेत आहेत, ती रांग सॅन अँड्रियास भूभंगाची, म्हणजे जमिनीतल्या एका लांबलचक फटीची आहे. भूभंगात खडक घासून घासून पीठ झालेलं असतं, ते भूजलाला अडवतं, पाणी वर येतं आणि तिथे झाडं जगतात. म्हणजे झाडांची रांग आधी पाणी सांगते आणि पाण्याच्या मागे भूगर्भाची फट सांगते. कोरड्या ऋतूच्या अगदी शेवटी, जेव्हा गवत, उथळ मुळांची सगळी झुडपं वाळलेली असतात, तेव्हा जे काही हिरवं उरतं त्याचा नकाशा काढला की भूजल कुठे वर आहे त्याचा बराच चांगला अंदाज येतो. यात बघायची वेळच सगळं काम करते, तोच नकाशा पावसाळ्यानंतर लगेच काढला तर सगळीकडे हिरवंच दिसणार आणि काही कळणार नाही.

वेळेचं महत्त्व पूर्व आफ्रिकेत तर जिवावरचं आहे. तिथे रिफ्ट व्हॅली फीवर नावाचा रोग गुरांमधे आणि माणसांमधे पसरतो, तो डासांमुळे. या डासांची अंडी सखल खोलगट जागी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि तो भाग पाण्याखाली गेला की फुटतात. सॅटेलाइटला डास दिसत नाहीत, अंडी तर नाहीच, पण सलग जास्त पाऊस पडला की एरवी रखरखीत असलेला भाग नेहमीपेक्षा हिरवा होतो आणि ते दिसतं. नेहमीपेक्षा हा शब्द महत्त्वाचा, कारण आकडा ०.४ आहे की ०.५ याला अर्थ नाही, त्या जागेचा त्या महिन्याचा इतक्या वर्षांचा सरासरी आकडा किती आणि यंदा किती याला अर्थ आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी समुद्राचं तापमान, पाऊस आणि ही हिरवळ एकत्र लावून २००६ च्या शेवटी धोक्याचे भाग आधी सांगितले होते, साथ खरंच आली, पण हॉर्न ऑफ आफ्रिकेत दोन ते सहा आठवडे आधी इशारा मिळालेला होता.

याच तुलनेवर केनियाच्या मार्साबिट भागात २०१० मध्ये पशुपालकांसाठी विमा सुरू झाला. जनावर मेलं का ते मोजायला कुणी जात नाही, त्या भागातली हिरवळ ठरलेल्या पातळीच्या खाली गेली की पैसे द्यायचे असं गणित. कल्पना मला मनापासून आवडते, पण त्यातली अडचणही सांगितली पाहिजे, की हिरवं दिसलं म्हणजे ते जनावरं खातात असं नाही. कुरणात काटेरी झुडपं माजली तरी सॅटेलाइटला हिरवंच दिसणार, आणि ज्याची गुरं उपाशी त्याला पैसे मिळणार नाहीत.

ज्वालामुखीची गोष्ट तर सगळ्यात बोलकी आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनला १९८९ मध्ये काही महिने छोटे छोटे भूकंप होत राहिले. १९९० मध्ये तिथे हॉर्सशू लेकजवळची झाडं मरायला लागलेली दिसली. पहिला संशय साहजिकच दुष्काळावर आणि किडीवर, पण लहान-मोठी, वेगवेगळ्या जातीची सगळीच झाडं मरत होती, आणि कीड सहसा अशी सरसकट मारत नाही. मग मातीतली हवा तपासली, तर जिथे कार्बन डायऑक्साइड साधारण एक टक्क्याच्या आत असायला हवा तिथे तो २० ते ९५ टक्के निघाला. खालच्या मॅग्मातून सुटलेला वायू मातीत भरला होता आणि मुळं गुदमरली होती, मुळांनाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो हे आपण विसरतोच. शंभरेक एकरांवरची झाडं गेली.

आता तोच वायू, पण इटलीतल्या एटनावर उलटी गोष्ट. तिथे २००२ च्या उद्रेकात जमीन जिथे फाटली त्या रेघेवर झाडोरा आधीच्या दोनेक वर्षांत आजूबाजूपेक्षा जास्त हिरवा झालेला होता, असं नंतर जुनी सॅटेलाइट चित्रं काढून बघितल्यावर लक्षात आलं आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे नेमकं कशामुळे यावर एकाहून जास्त शक्यता आहेत, खालून येणारी वाफ, ऊब, किंवा थोडासा जादा कार्बन डायऑक्साइड, जो पानाला तर खाऊच आहे. म्हणजे वायू हळूहळू झिरपून हवेत मिसळत असेल तर झाड पोसतं आणि मातीत कोंडला तर झाड मरतं. मग जास्त हिरवं चांगलं की वाईट? झोपलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर अचानक हिरवी रेघ दिसली तर मी तरी निर्धास्त राहणार नाही.

हाच प्रश्न सगळ्या पृथ्वीला लावता येतो. मोडिसच्या २००० ते २०१७ च्या डेटावरून २०१९ मध्ये एक अभ्यास आला की जगातलं एकूण पानांचं क्षेत्र साधारण ५ टक्क्यांनी वाढलंय आणि त्या वाढीतला जवळजवळ एक तृतीयांश वाटा चीन आणि भारताचा आहे. बातम्या आनंदाच्या झाल्या. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की चीनमधल्या वाढीत जंगलांचा वाटा ४२ टक्के आणि भारतातल्या वाढीत ८२ टक्के वाटा शेतीचा, म्हणजे एकाच जमिनीत वर्षातून जास्त वेळा पीक, खत आणि सिंचन, ज्यातलं बरंचसं जमिनीखालून उपसलेलं पाणी. आणि ग्रेस नावाची सॅटेलाइटची जोडी, जी गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजून पाणी किती वाढलं-घटलं ते सांगायची, तिने २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात भूजल वर्षाला सरासरी ४ सेंटीमीटर पाण्याच्या थराइतकं घटतंय असं दाखवलं होतं. एक सॅटेलाइट हिरवं वाढतंय सांगतो, दुसरा खालचं आटतंय सांगतो, आणि दोघंही खरं बोलतात. म्हणून कुणी नुसता हिरवा नकाशा दाखवून पर्यावरण सुधारलं म्हणालं की मी आधी विचारते, हे हिरवं कशावर उभं आहे?

शेवटी अ‍ॅमेझॉन, कारण तिथे सॅटेलाइटवाल्यांचीच कसोटी लागली. २००५ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला आणि २००७ मध्ये एक शोधनिबंध आला की दुष्काळात जंगल उलट जास्त हिरवं झालं. कारणही पटण्यासारखं होतं, ढग कमी म्हणजे ऊन जास्त, आणि खोल मुळांना पाणी मिळत असेल तर झाडांना ऊन हवंच असतं. पण २०१० मध्ये दुसऱ्यांनी तोच डेटा ढग आणि धुराने बिघडलेले पिक्सेल काढून तपासला तर ती हिरवळ सापडेना. कोरड्या ऋतूत जंगलांना आगी लागतात, त्यांचा धूर आणि विरळ ढग प्रकाशात मिसळतात आणि पानाच्या नावावर जमा होतात. २०१४ मध्ये अजून एक मुद्दा निघाला, की अ‍ॅमेझॉनमध्ये कोरड्या ऋतूत दरवर्षीच जी हिरवळ वाढलेली दिसते तिच्यात सूर्य आणि सॅटेलाइट यांच्या कोनाचा हात आहे. सूर्य बरोबर सेन्सरच्या पाठीमागून येत असेल तर सेन्सरला पानांची सावलीच दिसत नाही, सगळा झाडोरा उजळ दिसतो, आणि काही महिन्यांनी सूर्याची जागा बदलली की तोच झाडोरा फिका वाटतो, जंगलात काहीही झालेलं नसताना.

तरी प्रश्न उरलाच होता, मग कोरड्या ऋतूत जंगलात खरंच काही होतं की नाही? त्याचं उत्तर अवकाशातून आलं नाही. जंगलात उंच टॉवर उभे करून त्यावर कॅमेरे लावले, खाली दिसणारा एकेक झाडाचा शेंडा महिनोन्महिने बघितला, आणि २०१६ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते असं की कोरड्या ऋतूत बरीच झाडं जुनी पानं टाकून नवी पालवी आणतात, पानांची एकूण संख्या फारशी बदलत नाही पण त्यांचं वय बदलतं, आणि नुकती पूर्ण तयार झालेली पानं जुन्या पानांपेक्षा जास्त कार्बन ओढतात.